रक्ताच्या कर्करोगाची गोळी आणि सुब्बाराव

क्रोनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झालेला रुग्ण आज महिन्याच्या गोळ्या पिशवीत घालून एसटीने गावी परततो आणि दुसऱ्या दिवशी शेतावर किंवा दुकानात कामाला लागतो. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हेच निदान झाले की नातेवाइकांना बाजूला घेऊन चार-पाच वर्षांचा हिशेब सांगावा लागे. हा फरक घडवणाऱ्या गोळीचे नाव इमॅटिनिब. रोगट पेशीतल्या एका बिघडलेल्या एन्झाइमला ती अडवते. हे एन्झाइम कायनेज जातीचे असते. त्याच्या अंगात एक खोबण असते. तिच्यात एटीपी नावाचा रेणू येऊन बसतो, आपल्याजवळचा एक फॉस्फेट देऊन टाकतो, आणि पेशीला वाढत राहण्याचा हुकूम सुटतो. इमॅटिनिब त्या खोबणीत आधीच जाऊन बसते. एटीपीला जागाच उरत नाही.

एटीपी म्हणजे पेशीतले ऊर्जेचे चलन, हे आपली मुले दहावीच्या विज्ञानात शिकतात. तो १९२९ साली बोस्टनमध्ये हुडकणाऱ्या दोघांपैकी एक जण आंध्रातल्या भीमावरमचा होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. खऱ्या रेणूच्या जागी बनावट रेणू बसवून ल्युकेमियाच्या पेशीला फसवायची युक्ती ज्या औषधाने पहिल्यांदा साधली, तेही याच माणसाच्या हाताखालच्या प्रयोगशाळेतून आले. त्यांचे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा. सात भावंडांतले ते चौथे. वडील जगन्नाथम महसूल खात्यात होते, पण प्रकृतीमुळे नोकरी लवकर सुटली आणि घर आई वेंकम्मा यांच्या अंगावर आले. शाळकरी वयातच सुब्बारावांनी घरातून पळून काशीला जायचे आणि यात्रेकरूंना केळी विकून पैसा करायचा असा बेत आखला होता. आईने गाठून परत आणले. मॅट्रिक तिसऱ्या खेपेला सुटली. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यायचे मनात आले. आईची संमती मिळेना. शेवटी मद्रास मेडिकल कॉलेजात नाव घातले. शिक्षणाच्या खर्चाचा भार सासरे कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी उचलला. हा काळ गांधीजींच्या चळवळीचा. सुब्बाराव शस्त्रक्रियागृहात खादीचा गाऊन घालून जाऊ लागले. शस्त्रक्रियेचे प्राध्यापक ब्रॅडफिल्ड यांना ते रुचले नाही. परिणाम असा की पूर्ण एमबीबीएसऐवजी त्यांच्या हाती एलएमएस ही खालच्या पायरीची पदवी आली. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार त्यामुळे बंद झाले, आणि पुढे अमेरिकेतही हीच पदवी आडवी आली.

याच काळात त्यांचे दोन भाऊ, पुरुषोत्तम आणि कृष्णमूर्ती, थोड्या दिवसांच्या अंतराने गेले. रोग होता ट्रॉपिकल स्प्रू. आजच्या वाचकाला हे नाव अनोळखी वाटेल. या रोगात आतड्याचे अस्तर झिजते, अन्न अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, जीभ सोलवटते आणि रक्त आटत जाते. तेव्हा त्यावर उपाय नव्हता. पुढे सुब्बारावांच्या संशोधनाचा माग काढताना हे दोन मृत्यू लक्षात ठेवावे लागतात.

मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवत त्यांनी काही काळ काढला. मग काकीनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेची आणि सासऱ्यांची मदत घेऊन १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बोटीने निघाले आणि बोस्टनला पोहोचले. पत्नी शेषगिरी मागे राहिल्या. सुब्बाराव पुन्हा कधीच भारतात आले नाहीत. त्यांच्या चरित्रातली ही बाजू कौतुकाच्या भरात गाळली जाते. मला ती गाळावीशी वाटत नाही, कारण या संशोधनाची किंमत मोजणाऱ्यांत त्याही होत्या.

हार्वर्डच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळेत प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्ती नव्हती. एलएमएसच्या बळावर डॉक्टरची नोकरी मिळेना. तेव्हा पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात ते रात्रपाळीचे हमाल म्हणून लागले. रुग्णांची लघवीची भांडी आणि बेडपॅन धुवायचे काम. दिवसा वर्ग, रात्री हे. पदविका मिळाल्यावर ते ऑटो फोलिन यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात शिरले आणि सायरस फिस्के या प्राध्यापकाबरोबर काम करू लागले.

फिस्के यांना रक्तातला आणि लघवीतला फॉस्फरस मोजायची सोपी रीत हवी होती. १९२५ साली दोघांनी ती प्रसिद्ध केली. नमुन्यात मॉलिब्डेट टाकायचे, मग एक क्षपणकारक रसायन घालायचे, की निळा रंग चढतो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. फिस्के-सुब्बाराव पद्धत म्हणून ती जगभर गेली. माझ्या पिढीने एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीच्या प्रात्यक्षिकात हाच निळा रंग पाहिला.

या पद्धतीतूनच मोठे शोध निघाले. स्नायूचा अर्क घेतला की निळा रंग नेहमीसारखा पटकन येईना, सावकाश चढे. दुसऱ्या कोणी हे रसायन खराब झाले म्हणून बाटली बदलली असती. या दोघांनी विचार केला की स्नायूत फॉस्फरस कशाला तरी सैल बांधलेला असावा आणि आम्लात तो हळूहळू सुटत असावा. तसेच निघाले. ते होते फॉस्फोक्रिएटिन, साल १९२७. स्नायूला ताकद लॅक्टिक आम्लातून मिळते या सिद्धांतावर १९२२ चे नोबेल दिले गेले होते, तो सिद्धांत या शोधाने डळमळला. दोन वर्षांनी त्याच स्नायूच्या अर्कातून एटीपी हाती आला. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही १९२९ मध्येच तो वेगळा केला, म्हणून श्रेय दोन्हीकडे जाते, आणि ते रास्तच आहे.

एटीपीत तीन फॉस्फेट ओळीने जोडलेले असतात. शेवटचा सुटला की ऊर्जा मिळते. पण शरीर त्याचा आणखी एक उपयोग करते. तो शेवटचा फॉस्फेट उचलून एखाद्या प्रथिनावर चिकटवला की ते प्रथिन जागे होते किंवा झोपते. हे चिकटवण्याचे काम कायनेज करतात. माणसाच्या शरीरात पाचशेहून अधिक कायनेज आहेत. १९२९ मध्ये यातले काहीच माहीत नव्हते.

१९३० मध्ये सुब्बारावांना पीएचडी मिळाली, पण हार्वर्डने कायमची जागा कधी दिली नाही. फिस्के यांच्याशी संबंधही सरळ राहिले नाहीत. त्याच विभागात शिकलेले आणि पुढे नोबेल मिळवलेले जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतर असे नोंदवले की, सुब्बारावांनी वेगळे केलेले काही रेणू फिस्के यांच्या असूयेमुळे छापलेच गेले नाहीत आणि वर्षानुवर्षांनी इतरांना ते पुन्हा शोधावे लागले. सुब्बाराव स्वतः यावर जाहीरपणे भांडले नाहीत. त्यांनी विषय बदलला. ते यकृताच्या अर्काकडे वळले.

त्यामागे कारण होते. बोस्टनमध्येच १९२६ साली मिनॉट आणि मर्फी यांनी प्राणघातक ॲनिमियाचे रुग्ण कच्चे यकृत खायला घालून वाचवले होते. यकृतात रक्त तयार करणारे काहीतरी होते. ते काय, हे कळत नव्हते. याच कोड्याचा दुसरा धागा आपल्या मुंबईतला आहे. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर हाफकिन इन्स्टिट्यूटशी जोडून गिरणी कामगार गरोदर बायांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होती. या बायांच्या लाल पेशी आकाराने मोठ्या पण संख्येने कमी असत. शुद्ध केलेल्या यकृताच्या अर्काने त्यांना गुण येईना, पण मार्माइट या स्वस्त यीस्टच्या अर्काने आला. हे १९३१ मध्ये छापून आले. म्हणजे रक्त घडवणारे घटक किमान दोन होते. एक पुढे ब-१२ ठरला. दुसरा, मार्माइटमधला, म्हणजे फॉलिक ॲसिड.

१९४० साली सुब्बाराव न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तिथले संशोधन प्रमुख झाले. विद्यापीठाने नाकारलेल्या माणसाला कंपनीने माणसे, यंत्रे आणि मोकळीक दिली. त्यांच्या गटातल्या रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी १९४३ मध्ये यकृतातून फॉलिक ॲसिड शुद्ध स्वरूपात काढले आणि १९४५ मध्ये गटाने ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. लगेचच टॉम स्पीज यांनी ते स्प्रूच्या रुग्णांना दिले. रुग्णांच्या जिभा भरून आल्या, रक्त वाढले. भीमावरमच्या घरातली दोन माणसे ज्या रोगाने गेली होती, त्यावर औषध मिळाले. आज उपकेंद्रात गरोदर बाईला लोहाची जी गोळी मिळते तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते.

इथून ल्युकेमियाची गोष्ट सुरू होते. फॉलिक ॲसिड पेशीला डीएनए तयार करायला लागते. जिथे पेशी वेगाने दुणावतात, म्हणजे अस्थिमज्जेत, तिथे त्याची ओढ सर्वांत जास्त. बोस्टनच्या बाल रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट सिडनी फार्बर यांनी लेडर्लीकडून आलेले फॉलिक ॲसिडसारखे रेणू ल्युकेमियाच्या मुलांना देऊन पाहिले. फायदा तर नाहीच, उलट रोग अधिक वेगाने पसरतो आहे असे त्यांना वाटले. यावर दोन प्रतिक्रिया शक्य होत्या. एक, प्रयोग बंद करावा. दुसरी, फॉलिक ॲसिडने रोग भडकत असेल तर त्याला विरोध करणारा रेणू द्यावा. फार्बर यांनी दुसरी वाट धरली आणि तसा रेणू सुब्बारावांच्या प्रयोगशाळेकडे होता.

तो तयार करण्यातली खुबी वाचण्यासारखी आहे. फॉलिक ॲसिडचा सांगाडा तसाच ठेवायचा आणि एका ठिकाणचा ऑक्सिजन काढून तिथे अमिनो गट बसवायचा. फरक मूठभर अणूंचा. डॉरिस सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणू बनवला, नाव अमिनोप्टेरिन. पेशीतले एन्झाइम त्याला खरे फॉलिक ॲसिड समजून धरते आणि मग सोडू शकत नाही. डीएनएचे काम थांबते. हे कोणते एन्झाइम आणि ते नेमके कसे अडकते, हे पुढच्या दशकात कळले. १९४७ मध्ये हाती होता तो केवळ तर्क, की अस्सलसारखा दिसणारा नकली रेणू जागा अडवेल.

१९४७ च्या डिसेंबरअखेर अमिनोप्टेरिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तोवर तीव्र ल्युकेमिया झालेले मूल आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जाई. रक्त चढवणे आणि जवळ बसणे एवढेच डॉक्टरच्या हाती असे. जून १९४८ मध्ये फार्बर यांचा निबंध आला. १६ मुलांपैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. प्लीहा आटली, पांढऱ्या पेशींची संख्या उतरली, खेळणे सुरू झाले. पण काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रोग परतला. मुले वाचली नाहीत. तरीही औषधाने ल्युकेमिया मागे हटतो, हे वैद्यकाने पहिल्यांदा पाहिले. त्या निबंधात तोंड सोलण्याच्या दुष्परिणामाचीही नोंद आहे.

अमिनोप्टेरिनचाच थोडा अधिक सुरक्षित भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट, तोही लेडर्लीचाच. १९५६ मध्ये त्याने गर्भनाळेच्या पेशींचा एक जीवघेणा कर्करोग पूर्ण बरा केला. आज संधिवातात आणि सोरायसिसमध्ये तो आम्ही सर्रास लिहितो. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. या आजारांत मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतल्याने तोंडभर फोड येऊन आणि पांढऱ्या पेशी घसरून दाखल होणारे रुग्ण आम्ही अजून पाहतो. पाकिटावर वार लिहून घ्या. सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरने सांगितलेल्या दुसऱ्या दिवशी घ्या. अस्सल आणि नकली यांची ती झुंज तुमच्या शरीरात चाललेली असते, म्हणून दिवस महत्त्वाचा.

याच वर्षांत लेडर्लीतून आणखी दोन औषधे आली. १९४७ मध्ये डायइथाइलकार्बामॅझिन, म्हणजे डीईसी. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढलेल्या सैनिकांना हत्तीरोगाचे जंत लागले होते, त्यातून हा शोध निघाला. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागांत हत्तीरोगाच्या मोहिमेत कर्मचारी घरोघरी जाऊन समोर उभे राहून ज्या गोळ्या खायला लावतात, त्यांत हीच असते. दुसरे ऑरिओमायसिन, टेट्रासायक्लिन घराण्यातले पहिले, १९४८ चे. ते मातीतल्या जिवाणूत शोधणारे बेंजामिन डगर हे सत्तरी ओलांडलेले निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सुब्बारावांच्या संस्थेत त्यांना जागा मिळाली. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची बातमी फुटली तेव्हा औषध दुकानांतून नाहीशा झालेल्या कॅप्सूल याच घराण्यातल्या.

समाजमाध्यमांवर सुब्बारावांच्या नावाने जे संदेश फिरतात, त्यांत हे सगळे त्यांनी एकट्याने केले असे लिहिलेले असते. ते खरे नाही, आणि त्यांनाही आवडले नसते. स्टोकस्टॅड, सीगर, डगर ही नावे वर मुद्दाम दिली. सुब्बारावांचे मोठेपण नेमके कोणते काम आधी हाती घ्यायचे आणि कोणाला मोकळे सोडायचे, हे ओळखण्यात होते. मुलाखती आणि छायाचित्रे ते टाळत. शेवटपर्यंत ते भारतीय नागरिकच राहिले.

८ ऑगस्ट १९४८ रोजी, फार्बर यांचा निबंध छापून जेमतेम दोन महिने झाले असताना, हृदयविकाराने झोपेतच त्यांचा अंत झाला. वय ५३. सहकाऱ्यांनी एका बुरशीला सुब्बारोमायसिस हे नाव दिले. भारत सरकारने १९९५ मध्ये टपाल तिकीट काढले.

नकली रेणूचा धागा पुढे हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी नेला. त्यांचे मर्कॅप्टोप्युरिन १९५० च्या दशकात ल्युकेमियात आले. दरम्यान १९६० मध्ये फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफर्ड यांना क्रोनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशीत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले की ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले आहेत. या अदलाबदलीतून एक कायनेज तयार होतो, बीसीआर-एबीएल. तो कधी बंदच होत नाही. एटीपीकडून फॉस्फेट घेत राहतो आणि वाटत राहतो.

त्याची खोबण बुजवावी हे सुचायला सोपे होते, पण एटीपीची खोबण तर सगळ्याच कायनेजमध्ये असते. एक बुजवायला जाऊन पाचशे बुजल्या तर रुग्णच दगावेल, म्हणून अनेक तज्ज्ञांनी हा नाद सोडायला सांगितले. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या रसायनतज्ज्ञांनी सोडला नाही. त्यांनी एक साधा रेणू घेतला आणि त्यावर एकेक गट जोडत गेले. एका जागी मिथाइल गट लावताच दुसऱ्या जातीच्या एका कायनेजवरचा नको असलेला परिणाम गेला. पाण्यात विरघळावा आणि गोळीने देता यावा म्हणून शेपटाला मिथाइलपिपरेझिनचे कडे लावले. योगायोग असा की सुब्बारावांच्या डीईसीतही हेच कडे आहे. एटीपीच्या खोबणीला लागून आणखी एक पोकळी असते. कायनेज झोपलेला असताना तिचा जो आकार होतो तो एबीएलमध्ये जरा वेगळा असतो, आणि इमॅटिनिब तिथपर्यंत हात घालते. त्यामुळे बहुतेक कायनेज त्यातून सुटतात. ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ मध्ये ते रुग्णांना द्यायला सुरुवात केली. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचे रक्तचित्र पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. भारतात मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर जाई. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंटची मागणी फेटाळली आणि भारतीय बनावटीच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग पक्का झाला. एसटीने परतणाऱ्या त्या रुग्णाच्या पिशवीत याच गोळ्या असतात.

लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात आज प्रगत देशांत दहापैकी नऊ मुले वाचतात, आणि त्यांच्या उपचारात मेथोट्रेक्सेट अजूनही आहे. पाठीच्या कण्यातून, शिरेतून, आणि पुढे दोन वर्षे आठवड्याला एकदा गोळीच्या रूपात. यातल्या थोड्या मुलांच्या पेशींत तेच आखूड फिलाडेल्फिया गुणसूत्र सापडते. त्यांना मेथोट्रेक्सेटबरोबर इमॅटिनिब किंवा त्याच जातीची नवी गोळी द्यावी लागते. अशा मुलाच्या केस पेपरवर दोन्ही औषधे एकाखाली एक लिहिलेली असतात. एक फॉलिक ॲसिडची जागा अडवते, दुसरे एटीपीची.